आधी झाकण उघडून बघू

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे: शाळेच्या संगणक कक्षाचं काय करायचं? आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून नवे संगणक घ्यावेत, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्या सूचनेला भराभर अंगठे आले. मी अंगठा दिला नाही, त्याची शिक्षा म्हणून आज मला इथे उभं केलंय, असं मी समजते. शाळेत उभं राहण्याची शिक्षा मला नवी नाही, हे बाई सांगतीलच.

दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आम्ही चौघं दोन दिवस संगणक कक्षात बसलो. ऑफिसातले भाऊसाहेब आणि किल्ल्या सांभाळणारे मामा सोबत होते. खोलीत एकूण २२ यंत्रं निघाली: १४ डेस्कटॉप आणि ८ थिन क्लायंट. सगळी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात वापरून झाल्यावर शाळेला मिळालेली. त्यातले रोज चालणारे डेस्कटॉप फक्त ४. बाकीच्यांवर खडूने 'बंद' असं लिहिलेलं होतं. या 'बंद' शब्दाच्या आत काय काय असतं, तेच मला आज सांगायचं आहे. कारण 'बंद' म्हणजे 'मेलेला' असं आपण धरून चालतो, आणि तिथेच आपले पैसे जातात.

घरातली लाईट गेली की आपण काय करतो? आधी खिडकीतून शेजारी बघतो. सगळीकडे अंधार असेल तर महावितरणला फोन, फक्त आपल्याकडे असेल तर फ्यूज. संगणक दुरुस्तीचा पहिला नियम हाच आहे. एकच बंद आहे की सगळे बंद आहेत? एकाच संगणकावर इंटरनेट चालत नसेल तर त्याची वायर बघा. सगळ्यांवर चालत नसेल तर कोपऱ्यातला स्विच बघा, राउटर बघा. एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मा वेळ वाचतो. दुसरा प्रश्न: कालपर्यंत चालत होता का, आणि मध्ये काय बदललं? 'काहीच नाही बदललं' हे उत्तर शंभरातले नव्वद जण देतात. मग थोडं खोदून विचारलं की कळतं, टेबल हलवलं होतं, भिंतीला रंग दिला होता, किंवा गणपतीच्या सजावटीसाठी एक्स्टेन्शन बोर्ड नेला होता.

तिसरा नियम: एका वेळी एकच बदल. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील सीडब्ल्यूपीआरएसमध्ये होते. १९१६ साली मुंबई इलाख्याने सुरू केलेली ही संस्था आपल्या गावात आहे, आणि तिथे काय चालतं ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. धरणाचं, नदीचं, बंदराचं छोटं प्रतिरूप बांधायचं, त्यातून पाणी सोडायचं आणि काय होतं ते बघायचं. सांडव्याचा आकारही बदलला, पाण्याचा वेगही बदलला आणि तळाची वाळूही बदलली, तर नेमकं कशामुळे काय झालं ते कळणार नाही. संगणकाचंही तसंच. रॅमही बदलली, हार्डडिस्कही बदलली आणि विंडोजही नवी टाकली, मग तो सुरू झाला तर आनंद आहे, पण चांगली हार्डडिस्क भंगारात गेली असेल तर ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि चौथा नियम, जो शाळेत तरी सोपा जायला हवा: लिहून ठेवा. प्रत्येक डब्यावर नंबर, आणि त्या नंबरासमोर वहीत तारीख, काय होत होतं, काय केलं, काय झालं.

आता त्या बंद पडलेल्या १० डेस्कटॉपकडे येते.

तीन संगणक सुरू व्हायचे, पंखा फिरायचा, पण पडद्यावर काही यायचं नाही. यातले दोन ठरावीक अंतराने बीप देत होते. हे बीप म्हणजे यंत्राचा खोकला. कार्यालयांसाठी बनवलेल्या संगणकांचं एक बरं असतं, त्यांच्या प्रत्येक मॉडेलचं दुरुस्तीचं पुस्तक कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. किती बीप म्हणजे काय, पुढचा दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, कुठला स्क्रू कुठे, सगळं त्यात असतं. या तिघांत दोष होता रॅमचा, पण रॅम खराब नव्हती. धरणाच्या काठची हवा आणि पावसाळ्याचे चार महिने बंद खोली, यामुळे रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी संपर्क मळले होते. पट्टी काढली, दप्तरातल्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसली, चुरा झटकला, खाच जुळवून परत बसवली. तिन्ही सुरू झाले. खर्च शून्य. खोडरबरसुद्धा मामांनी दिलं.

दोन संगणकांची गंमत वेगळी होती. पहिल्यावर तक्रार होती, 'इंटरनेट चालत नाही.' इंटरनेट चालत होतं. पण कोपऱ्यातलं घड्याळ २०१३ साल दाखवत होतं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ आणि मूळ सेटिंग्ज जपणं हे त्याचं काम. तो साधारण पाच-सात वर्षांत संपतो. सेल संपला की संगणक प्रत्येक वेळी जुन्या काळात जागा होतो. मग एखादी वेबसाइट आपलं सुरक्षा प्रमाणपत्र दाखवते आणि हा म्हणतो, 'हे तर अजून सुरूच झालेलं नाही,' आणि दार लावून घेतो. दुसऱ्यातही तोच सेल संपला होता, पण त्याने वेगळं रूप घेतलं. सेल संपल्यावर बायोसमधल्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. डिस्कशी बोलण्याची पद्धत, एएचसीआय की रेड, ही त्यातलीच एक सेटिंग. ती बदलली की विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. त्यावर कुणीतरी 'हार्डडिस्क गेली' अशी चिठ्ठी चिकटवली होती. सेल बदलला, ती एक सेटिंग परत जागेवर आणली आणि आतल्या २०१९ च्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंसकट सगळं समोर आलं. सेलची किंमत दोन वडापावांच्या आसपास.

तीन संगणकांत मात्र हार्डडिस्क खरोखर गेली होती. एकीचा टकटक आवाज येत होता. असा आवाज आला की पुढचे प्रयोग थांबवायचे आणि आत महत्त्वाचं काही असेल तर आधी त्याची प्रत काढायची. यांना नव्या डिस्क लागतील.

एकाचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, जळला होता. इथे एक सांगते. तपकीर गल्लीत जाऊन बाजारातला कुठलाही एसएमपीएस आणला तर तो या संगणकांत बहुधा बसत नाही. बड्या कंपन्यांच्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये त्याचा आकार आणि मदरबोर्डला जोडणारा प्लग वेगळा असतो. त्याच मॉडेलचाच लागतो. आणि एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो. आमच्या नशिबाने दहावा संगणक त्याच मॉडेलचा होता आणि त्याचा मदरबोर्ड पूर्ण गेला होता. एका भावाने दुसऱ्याला अवयवदान केलं. जळलेल्या एसएमपीएसमध्ये मुंग्यांचं वारूळ आणि पालीची दोन अंडी होती, ही माहिती जीवशास्त्राच्या बाईंसाठी.

म्हणजे १० बंद संगणकांपैकी खऱ्या अर्थाने गेलेला निघाला एक. बाकीच्या नऊ जणांत एकेक भाग गेला होता, किंवा नुसता मळला होता.

इथे धुळीबद्दल बोलायलाच हवं. आपल्या वेळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. आपल्याला वाटायचं, देवघरासारखं काहीतरी पवित्र असेल. कारण साधं होतं, फ्लॉपी आणि तिचं यंत्र धुळीला फार नाजूक. आता फ्लॉपी गेली, पण सिंहगड रस्त्याची धूळ वाढली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसली की उष्णता बाहेर पडत नाही, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, संगणक म्हातारा झाला. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, डबा अंगणात नेऊन ब्लोअर मारायचा, पंखा बोटाने धरून. ओलं फडकं नाही. त्याआधी वायर काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं आणि हात लावण्यापूर्वी डब्याच्या धातूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरत नाही.

आता जे ४ चालत होते त्यांच्याकडे. चालत होते म्हणजे कसे? बटण दाबलं की हजेरी घेऊन होईपर्यंत सुरू व्हायचे. मुलं त्यांना 'आजोबा' म्हणतात. या आजोबांना प्रोसेसरचा आजार नाही. हार्डडिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या फिरत असते आणि एक दांडी तिच्यावरून माहिती शोधत हिंडते. वाण्याकडे एकेक जिन्नस मागितला की पोऱ्या प्रत्येक वेळी माळ्यावर चढतो, तसं. सुरू होताना विंडोज हजारो छोट्या फाइल मागते, म्हणून पोऱ्याची दमछाक होते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळा माल गल्ल्यासमोर मांडलेला. साधी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवली की तोच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होतो. आम्ही एकावर करून दाखवलं. मामा म्हणाले, 'ताई, हा नवा आणला का?'

दुसरी गोष्ट रॅम. चार जीबीच्या संगणकावर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की टेबल भरतं आणि उरलेलं डिस्कवर ठेवावं लागतं. आठ जीबी केली की शाळेच्या कामाला पुरते. पण दुकानात नुसतं 'रॅम द्या' म्हणून चालत नाही. डीडीआर थ्री आणि फोर यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. सर्व्हरमधली रॅम स्वस्तात मिळते, ती यांत चालत नाही. आणि संगणकावर ३२ बिटची विंडोज असेल तर चारच्या वर घातलेली रॅम ती वापरतच नाही, आधी ६४ बिटची लागते. एका डब्यात आठ जीबी असून वर्षानुवर्षं चारच वापरात होती.

आता कळीचा मुद्दा. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी केल्यास घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष मिळतं, तेवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, किल्ल्या सांभाळणारी छोटी तिजोरी लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. पिढी ओळखायची युक्ती सोपी आहे: डब्यावर आय फाईव्ह ४५७० लिहिलं असेल तर चौथी, ६५०० असेल तर सहावी, ८५०० असेल तर आठवी. आपल्याकडच्या चालू होऊ शकणाऱ्या १३ पैकी फक्त दोन आठव्या पिढीचे आहेत. त्या दोनांवर विंडोज ११ घालू. उरलेले ११ या एका नियमामुळे जगभरातल्या असंख्य संगणकांबरोबर 'कालबाह्य' ठरले आहेत. त्यांचा एकही भाग त्या रात्री बिघडला नाही.

या अकरांवर लिनक्स घालावी असं माझं मत आहे. घाबरू नका. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. लिनक्स मिंटसारखी प्रणाली फुकट आहे, चार जीबीवर नीट चालते, देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे, भूमितीसाठी जिओजेब्रा आहे, मुलांच्या प्रोग्रॅमिंगसाठी स्क्रॅच आणि पायथन आहे. यूडायस, सरल, शालार्थ ही शाळेची सरकारी कामं ब्राउझरमध्येच होतात.

पण जिथे अडतं तेही सांगते. शाळेचे जुने परिपत्रकं-प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ते युनिकोड नाहीत. लिनक्सवर ते उघडले की कखगच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सशी सरळ बोलत नाहीत. आणि एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमाची तयारी करायची तर विंडोज आणि एमएस ऑफिस हाताखाली हवं. म्हणूनच ते दोन विंडोज ११ वाले कक्षात ठेवायचे. भाऊसाहेबांच्या टेबलावर मात्र नवा कोरा संगणक हवा. तिथे जनरल रजिस्टर आहे, दाखले आहेत, तुमच्या-माझ्या मुलांचे आधार क्रमांक आहेत, शिक्षकांचे पगार आहेत. जिथे लोकांची माहिती आहे तिथे जुनं यंत्र जपण्याची हौस करायची नाही. आणि त्याची रोजची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

राहिले ८ थिन क्लायंट. वहीएवढे ते काळे डबे. आमच्यातल्याच एकाला ते सेटटॉप बॉक्स वाटले होते. रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर पूर्वी जे टर्मिनल असायचं, त्याचे हे नातू. पडदा आणि कळफलक समोर, पण विचार करणारं डोकं दूरच्या सर्व्हरमध्ये. थिन क्लायंट फक्त चित्र आणतो आणि टाइप केलेलं पोचवतो. बँका आणि मोठी कार्यालयं हे पसंत करतात, कारण माहिती टेबलावर राहत नाही, दुरुस्ती एकाच जागी होते आणि हा डबा दहा-पंधरा वॅटवर चालतो. बहुतेकांत पंखाही नसतो, म्हणजे धूळ नाही, आवाज नाही.

आपल्याकडचे पाच सुरू होत होते आणि कुठल्यातरी सर्व्हरचा पत्ता शोधत बसत होते. तो सर्व्हर ज्या कार्यालयातून ते आले तिथेच राहिला. माहेरचा पत्ता विचारणाऱ्या माणसासारखी त्यांची अवस्था. मुलांना वाटलं खराब आहेत. त्यांच्यात आणखी एक खोड असते. काहींमध्ये 'राइट फिल्टर' चालू असतो: दिवसभर केलेलं सगळं वरवरच्या थरात राहतं आणि बंद करून सुरू केलं की डबा पुन्हा कोरा. कार्यालयात हे सोयीचं, व्हायरस आला तरी सकाळी गेलेला. पण माहीत नसेल तर बाईंनी दुपारी टाइप केलेली प्रश्नपत्रिका सकाळी गायब होते आणि दोष मुलांवर येतो.

या पाचांच्या आत लॅपटॉपची रॅम बसते आणि एक एम-टू जातीचा खाचा आहे. मूळची साठवण आठ-सोळा जीबी, ती काढून छोटी एसएसडी लावली, रॅम आठ केली आणि लिनक्स घातली की हा स्वतःच्या डोक्याने चालणारा छोटा संगणक होतो. खरेदी करताना एकच काळजी: एम-टू एसएसडीत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत, दिसायला जुळ्या बहिणी. आपल्याला साटा हवी. एक वाचनालयात, एक शिक्षक खोलीत, एक प्रयोगशाळेत, दोन कक्षात. फार जड कामाला हे नाहीत, पण वाचायला, लिहायला, शोधायला उत्तम.

उरलेले तीन फार जुने आहेत, रॅम बोर्डावरच चिकटवलेली, आणि अडॅप्टरशिवाय आलेले. बाहेरचा अडॅप्टर लावायचा तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनच्या आतलं-बाहेरचं टोक तेच. एवढं जमवूनही हाती फारसं लागणार नाही. हे तीन आणि तो अवयवदान केलेला डेस्कटॉप, असे चार ई-कचऱ्यात द्यावेत, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे आणि पावती घेऊन. किलोवर भंगारवाल्याला नको. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि नियम नसते तरी उघड्यावर जळणाऱ्या वायरींचा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

हिशेब मांडते. २२ पैकी १८ यंत्रं चालू होतात. निधीत सात-आठ नवे संगणक येतील. तोच निधी असा वापरला तर: सगळ्यांना एसएसडी, जिथे हवी तिथे रॅम, ऑफिसला एक नवा संगणक, चांगला नेटवर्क स्विच, यूपीएसच्या बॅटऱ्या. आणि तरीही जवळपास निम्मी रक्कम बँकेत उरते. त्या उरलेल्या रकमेवरच माझा सगळ्यात जास्त जीव आहे. कारण कक्षाच्या भिंतीवर आधीच्या देणगीदारांच्या दोन संगमरवरी पाट्या आहेत, आणि त्यांच्याच खाली खडूने 'बंद' लिहिलेले डबे होते. देताना फोटो निघाला, नंतर सेल बदलायला पन्नास रुपये कुठल्या खात्यातून काढायचे, हे कुणी ठरवलं नव्हतं. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत जाणार, हे आजच माहीत आहे. मग त्याची तरतूदही आजच हवी. मला पाटी नको. दरवर्षी देखभालीला ठरावीक रक्कम मिळेल एवढी ठेव हवी.

आपण चौथी-पाचवीत होतो तेव्हा याच पुण्यात, १९९१ साली, सी-डॅकने परम ८००० महासंगणक तयार केला. बाहेरून महासंगणक मिळेना, म्हणून साध्या, छोट्या प्रोसेसरांना एकमेकांशी जोडून मोठं काम काढून घ्यायचं, ही त्यामागची कल्पना. आपल्या कक्षात महासंगणक होणार नाही. पण हाताशी आहे ते नीट समजून घ्यायचं आणि जोडायचं, ही या शहराची जुनी सवय आहे.

तुमच्याकडून तीन गोष्टी मागते.

पहिली, हिंजवडी-खराडीत, बँकांत, सरकारी खात्यांत जे मोठ्या हुद्द्यांवर आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या कार्यालयातून जुने संगणक कुठल्याही शाळेला देताना डिस्क नीट पुसा, पण डिस्कचा कप्पा आणि स्क्रू काढून घेऊ नका. बायोसचा पासवर्ड काढून द्या. कंपनीच्या यादीतून यंत्र मोकळं करा, नाहीतर ते आयुष्यभर मूळ मालकाच्या कुलपात राहतं. प्रत्येक डब्याबरोबर त्याचा अडॅप्टर द्या. या चार गोष्टींची आठवण आयटी विभागाला करून देणं, हे कितीतरी रुपयांच्या देणगीइतकं आहे.

दुसरी, महिन्यातला एक शनिवार. आपल्यातले वीस जण जरी खडकवासला, धायरी, वारजे, कोथरूडात राहत असले, तरी प्रत्येकाची पाळी वर्षातून एकदा येते. दोघांनी यायचं, वही बघायची, काय बंद आहे ते उघडायचं. पावसाळ्यात प्रत्येक यंत्र आठवड्यातून एकदा तरी सुरू करायचं, म्हणजे दमट हवा आत मुरत नाही. ते मुलंच करतील, फक्त कुणीतरी विचारायला हवं.

तिसरी मागणी शिक्षकांकडे आहे. आठवी-नववीतल्या चार-सहा मुलामुलींना आमच्याबरोबर बसू द्या. वीज काढलेल्या संगणकाचं झाकण उघडू द्या. माझ्याकडे नोकरीच्या मुलाखतीला मुलं येतात. चांगल्या महाविद्यालयांतली, उत्तम मार्कांची. काही चाललं नाही की त्यातली बरीचशी लगेच सगळं पुसून पुन्हा घालायला निघतात. जरा थांबून, नेमकं कुठे अडलंय ते एकेक करून शोधणारं मूल विरळा. त्या सवयीला महागडं यंत्र लागत नाही. बिघडलेलं यंत्र लागतं, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे. दिवाळीत एक नववीतली मुलगी आम्हाला मदत करत होती. तिसऱ्या संगणकाला खोडरबर तिनेच लावलं. पडदा उजळला तेव्हा तिने पहिलं काय केलं असेल, तर वही ओढली आणि नंबर लिहून त्यापुढे लिहिलं: 'रॅम काढली, पुसली, बसवली. चालू.' माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांनी असं लिहावं म्हणून मी गेली वीस वर्षं मागे लागले आहे.

बाहेर नोटीस बोर्डावर शनिवारांचा तक्ता लावला आहे. जून ते मार्च, प्रत्येक महिन्यासमोर दोन मोकळ्या जागा आहेत. जेवायला जाताना नाव लिहा. स्क्रूड्रायव्हर येत नसेल तरी चालेल, वही लिहायला माणूस हवाच आहे. आणि निधीचा निर्णय दुपारच्या बैठकीत आहे, तेव्हा हात वर करण्याआधी एकदा कक्षात जाऊन या. मामांनी कुलूप उघडून ठेवलंय.